तीन भिंतींचं अंतराळयान

रामबागची

मराठीत विज्ञानकथेची मालिका का निघत नाही, कोणालाही विचारा, उत्तर तोंडपाठ असतं: "तेवढा पैसा कुठाय?" परवा इंदुरात सानंद संस्थेच्या नाटकाला मध्यंतरात कॉफीच्या रांगेत हेच ऐकलं. बोलणारे काका एक सोफा, एक दार आणि एक टेलिफोन एवढ्या ऐवजावर तासभर खिळून बसून आले होते, आणि वर ठासून सांगत होते की अंतराळ दाखवायचं तर हॉलिवूडच पाहिजे. रांगेत वाद घातला नाही. तो इथे घालते. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

माझं म्हणणं असं, की टीव्हीवरच्या विज्ञानकथेतल्या कितीतरी गाजलेल्या कल्पना पैसा नव्हता म्हणून सुचल्या. ८ सप्टेंबर १९६६ ला अमेरिकेत 'स्टार ट्रेक' सुरू झाली. दर आठवड्याला नवा ग्रह, म्हणजे दर आठवड्याला ते अगडबंब यान ग्रहावर उतरवायचं. परवडेना. मग ठरलं, यान वरच घिरट्या घालू दे. माणसं चकत्यांवर उभी राहतील, चमचम होईल आणि खाली जाऊन उगवतील. झाला ट्रान्सपोर्टर तयार. पलीकडे उगवला तो तोच माणूस की त्याची नक्कल, ह्यावर लोक आजही हमरीतुमरीवर येतात. मूळ प्रश्न मात्र हिशेबाच्या वहीतला.

'डॉक्टर हू' ह्या ब्रिटिश मालिकेचं तर विचारूच नका. २३ नोव्हेंबर १९६३, केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, बीबीसीवर पहिला भाग लागला. दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा, वय २४. डॉक्टर हा परग्रहावरचा कालप्रवासी. त्याचं कालयान, टार्डिस, जिथे जाईल तिथल्या परिसराला साजेसं रूप घेणार, अशी कल्पना होती. दर वेळी नवं रूप कोण बनवणार? म्हणून रूप बदलायची यंत्रणा बिघडली असं कथेतच सांगून टाकलं, आणि यान कायमचं रस्त्यावरून पोलिसांना फोन करायची निळी पोलीस-पेटी होऊन बसलं. त्याचा तो घरघर आवाज ब्रायन हॉजसननं जुन्या पियानोच्या तारांवर किल्ली घासून काढला. १९६६ मध्ये मुख्य नट विल्यम हार्टनेलची तब्येत साथ देईना. दुसरी कुठली मालिका असती तर तिथेच गुंडाळली असती. इथे ठरलं, की हा प्राणी मरायला टेकला की नवं शरीर घेतो. १९८९ ते २००५ एवढा खंड पडूनही मालिका पुन्हा उभी राहिली ती ह्याच युक्तीच्या जोरावर.

आता, मी इथे काटकसरीचे गोडवे गात नाहीये. गंमत पुढे आहे. अडचणीतून आलेली सोय एकदा कथेत शिरली की कथेला ती पाळावी लागते. ट्रान्सपोर्टर आहे ना? मग कॅप्टन संकटात सापडला की त्याला लगेच वर का ओढून घेत नाहीत? लेखकाला दर भागात उत्तर द्यावं लागतं. चांगला लेखक त्या उत्तरातून कथा काढतो, आळशी लेखक म्हणतो वादळ आहे. आपणच घातलेला नियम आपण पाळायचा आणि त्यात अडकलेल्या माणसांचं काय होतं ते बघायचं. माझ्या लेखी विज्ञानकथा म्हणजे एवढंच. ह्याला स्पेशल इफेक्ट कुठे लागतात?

पुरावा म्हणून 'स्टार ट्रेक'च्या पुढच्या मालिकेचा, 'नेक्स्ट जनरेशन'चा, १९८९ चा एक भाग सांगते, 'द मेझर ऑफ अ मॅन'. डेटा हा यंत्रमानव अधिकारी. त्याला उघडून त्याच्यासारखे आणखी बनवायचेत. तो नाही म्हणतो. नाही म्हणायचा त्याला हक्क आहे का, की तो ताफ्याच्या मालकीचं सामान? एक खोली, एक न्यायाधीश बाई, दोन बाजू. डेटाच्या विरुद्ध बाजू मांडायची जबाबदारी येते त्याच्याच मित्रावर, रायकरवर, आणि कामात कुचराई केली तर निकाल तिथल्या तिथे विरुद्ध. तो भर सुनावणीत डेटाचा हात सोडवून टेबलावर ठेवतो. मग बोलत बोलत मागे जातो आणि पाठीची कळ दाबतो. डेटा पुढे कलंडतो. रायकर जागेवर परत येतो तेव्हा त्याचं तोंड बघा. खटला जिंकत आलेल्या माणसाचं तोंड असं असतं? 'शांतता! कोर्ट चालू आहे' ज्या रंगभूमीनं एका हॉलमध्ये उभं केलं, तिला हे परवडत नाही असं कोणी सांगू नये.

हिंदीत निदान प्रयत्न तरी झाले. दूरदर्शनवर ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला 'स्पेस सिटी सिग्मा', १९८९ ची 'इंद्रधनुष' (गिरीश कर्नाड होते, आणि छोटा करण जोहर), १९९८ ला मिलिंद सोमणचा 'कॅप्टन व्योम'. मराठीत काय? बोला.


सेव_परमल

पहिला नंबर माझा.

सिग्मा!! भिया, काय आठवण काढली. आमच्या मल्हारगंजच्या वाड्यात रंगीत टीव्ही एकाच बिऱ्हाडात. भाग संपला की जिना म्हणजे यान. वरच्या पायरीवर कॅप्टन तारा, खाली अंगणात खलनायक झखाकू. झखाकू व्हायला मारामारी, कारण त्याला हसायला मिळायचं. तारा व्हायला कोणी तयार नाही, नुसते हुकूम काय द्यायचे? शेवटी जो सगळ्यांत लहान त्याच्या डोक्यावर आईचं पातेलं घालून त्याला कॅप्टन करायचे. तो मी.

बाकी मुद्दा पटला. पण त्या वयात सेट पुठ्ठ्याचा आहे हे कळत नव्हतं, म्हणून चाललं. आता पोरांना काय दाखवणार?


ग्वाल्हेरचा_गण्या

लेख आवडला, मुद्दा अर्धाच पटला. पैसा नसताना सुचलेल्या दोन-चार कल्पना आपल्याला माहीत आहेत, कारण त्या तगल्या. पैशाअभावी आपटलेल्या मालिकांची नावं कोणाच्या लक्षात राहतात?

तुमचंच उदाहरण घ्या. 'स्टार ट्रेक'च्या तिसऱ्या हंगामाचा खर्च कापला, वर शुक्रवारी रात्री दहाची वेळ दिली. त्या हंगामात कल्पनांना पूर आला का? अंतराळवीराचा मेंदूच चोरीला जातो आणि बाकीचे तो शोधत हिंडतात असला भाग त्याच हंगामातला. ७९ भागांवर १९६९ मध्ये गाशा गुंडाळला. पैसा लागतोच ताई.

आणि 'द एक्स्पान्स'सारखी अंतराळ-मालिका तुमच्या तीन भिंतींत बसवून दाखवा.


रामबागची

गण्या, मेंदूचोरीचा भाग काढलास म्हणजे वर्मावर बोट ठेवलंस. त्याची वकिली मी करणार नाही.

पण 'एक्स्पान्स' माझ्याच बाजूनं साक्ष देते. त्यातली यानं आडव्या विमानासारखी नाहीत, मजल्यांच्या इमारतीसारखी उभी आहेत, इंजिन तळाशी. इंजिन रेटा देतं तोवर पाय जमिनीला, इंजिन बंद की सगळे तरंगले. थांबायचं असेल तर अर्ध्या वाटेत यान उलटं करून पुन्हा इंजिन लावायचं. कृत्रिम गुरुत्वाचं बटण दाबलं आणि झालं, असं नाही. हा नियम पाळायला डोकं लागलं, चित्रण महाग पडलं ते वेगळं. सूत्रधार नरेन शंकर ह्यांनी कॉर्नेलमधून डॉक्टरेट केली आहे, आणि ते आधी 'नेक्स्ट जनरेशन'चे विज्ञान सल्लागार होते. २०१८ मध्ये वाहिनीनं मालिका बंद केली तेव्हा चाहत्यांनी अॅमेझॉनच्या कचेरीवरून फलक लावलेलं विमान फिरवलं, आणि अॅमेझॉननं ती पुढे चालवली. एवढा जीव लोक स्फोटांवर लावत नाहीत.


कॅटमामा

बऱ्याच दिवसांनी वाचण्यासारखा धागा. मी कॅटमधून निवृत्त. बाहेरच्या मंडळींसाठी: राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, १९८४ चं, पण इंदुरात रिक्षावाल्याला कॅट म्हटलं तरच कळतं. लेसर आणि कणत्वरक (कणांना प्रचंड वेग देणारी यंत्रं) हे तिथलं काम. म्हणून दोन शब्द.

सगळ्या मालिकांत लेसरची लाल-हिरवी रेघ सूं करत जाते. बाजूला उभं राहिलं तर किरण दिसत नाही हो. हवेतल्या धुळीवरून प्रकाश विखुरला तरच दिसतो. अंतराळात धूळ कुठली? शिवाय लोखंड कापणारे आमचे कार्बन डायऑक्साइडचे लेसर १०.६ मायक्रॉनचे, म्हणजे अवरक्त. समोर असला तरी डोळ्याला दिसत नाही, आणि तीच भीती. कामाला लागायच्या आधी घड्याळ आणि अंगठी काढून ठेवायची, चकाकीवरून किरण उलटला तर काय घ्या. किरण नेमका कुठे पडतोय ते बघायला कागद धरायचा. आवाज नाही, रेघ नाही. पांढऱ्या कागदावर अचानक तपकिरी ठिपका उमटतो, त्याच्या मधोमध भोक पडतं आणि धुराची बारीक दोरी वर जाते. नवीन आलेली पोरं ते पहिल्यांदा बघायची तेव्हा एकदम गप्प व्हायची. मला टीव्हीवर हे कोणी दाखवलं तर मी टाळ्या वाजवीन. खर्च: एक कागद.


सेव_परमल

मामा, हे भारी. तो इंडस का काय तो गोल बोगदा, त्याबद्दलही सांगा ना.


कॅटमामा

इंडस-२, आमचा कणत्वरक. परीघ साधारण १७२ मीटर. इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं फिरतात, म्हणजे सेकंदाला १७ लाखांवर फेऱ्या. वळताना त्यांच्यातून क्ष-किरण निघतात, ते प्रयोगांना वापरायचे. बाहेरून बघाल तर साधी सरकारी इमारत आहे, फाटकाबाहेर टपरीवर पोहे.


रेणुका_बडोदा

मी एरवी नुसती वाचणारी, पण आज लिहितेच. आमच्या दांडिया बाजारच्या घरात २००४ ची 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' लावली होती. सासूबाई देवघरात समया पुसत होत्या. शीर्षक सुरू झालं आणि त्यात ॐ भूर्भुवः स्वः! खरंच, त्या मालिकेच्या शीर्षकसंगीतात गायत्री मंत्र आहे. सासूबाई हातात चिंच लावलेली समई घेऊन बाहेर आल्या, "कोणाचं कीर्तन गं?" पडद्यावर अणुबॉम्ब फुटत होते.

बसल्या त्या बसल्याच. पहिला भाग म्हणजे दर ३३ मिनिटांनी शत्रू येतो, दर वेळी पळायचं, कितीतरी दिवस कोणाला झोप नाही. सासूबाई म्हणाल्या, हे आम्हाला नको सांगू, जुळी वाढवली आहेत. मग विचारलं, एवढं मोठं जहाज आणि फोन वायरचे का? त्यांना सांगितलं, शत्रू यंत्रमानव आहेत, संगणक एकमेकांना जोडले तर आत शिरतील, म्हणून कप्तानानं जोडूच दिले नाहीत. त्यावर माझ्या नवऱ्याकडे बघून, "तरी मी म्हणत होते, लँडलाइन काढू नका."

सगळ्यांत मजा पुढे. त्यात यंत्रमानव एकच देव मानतात आणि माणसं अनेक. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात निकाल दिला, आपण माणसांकडून. शेवटी शेवटी मात्र पक्ष बदलला, का ते सांगत नाही, ज्यांनी बघितली नाही त्यांचा रसभंग नको.


रामबागची

रेणुकाताई, हसून हसून पुरेवाट. सासूबाईंना आयडी काढून द्या. ३३ मिनिटांचा भाग हा अगदी माझा मुद्दा: एक घड्याळ आणि जागरणानं तारवटलेले नट.


अनामिक_अणू

मी बहुधा इथली सगळ्यात लहान. 'डार्क' ह्या जर्मन मालिकेचे तिन्ही हंगाम पाठ, कुटुंबांचे तक्ते काढून भिंतीवर लावलेत, त्यामुळे मला सीनियर समजावं ही विनंती.

मला मालिकांपेक्षा त्यांच्याभोवतीच्या माणसांबद्दल बोलायचंय. आमच्या कॉलेजात ह्या विषयाचा एक क्लब आहे, नाव घेत नाही. टार्डिसचा टी-शर्ट घालून गेले तर पहिला प्रश्न, "डॉक्टरांची नावं क्रमानं सांग." मी सांगितली. मग, "जुन्या मालिकेतले किती भाग बघितलेस?" माझ्याबरोबर आलेल्या मुलाच्या टी-शर्टवर तेच चित्र होतं, त्याला विचारलं, "भिया, कुठून घेतला?" बस. त्याला तर ते टेलिफोन बूथ वाटत होतं!

आता सगळं विकत मिळतं, कॉफीचे मग, टी-शर्ट, बाहुल्या. त्यामुळे खरे चाहते कोण ते ठरवायला ह्यांनी परीक्षा बसवली आहे. मी जायचं सोडलं.


रामबागची

अणू, जा परत. आणि पुढच्या वेळी तू प्रश्न विचार. 'डॉक्टर हू'ची पहिली निर्माती कोण? व्हेरिटी लँबर्ट, तेव्हा वय २७. ती शीर्षकधून ध्वनिफितीचे तुकडे कापून-जोडून प्रत्यक्षात आणली कोणी? रचना रॉन ग्रेनरची, पण हात डेलिया डर्बिशायरचे. 'स्टार ट्रेक' दुसऱ्या हंगामानंतर बंद पडणार म्हणून पत्रांची मोहीम उभारली ती बिजो ट्रिंबल आणि तिच्या नवऱ्यानं. त्या पत्रांमुळे तिसरा हंगाम मिळाला (गण्या, मेंदूचोरीसकट). १९७६ मध्ये पुन्हा पत्रं लिहून लोकांनी नासाच्या पहिल्या शटलचं नाव 'एंटरप्राइज' ठेवायला लावलं. ते शटल फक्त चाचण्यांसाठी होतं, अंतराळात कधी गेलंच नाही, हा भाग क्लबात सांगू नकोस.

चाहता म्हटलं की मला वेगळीच माणसं आठवतात. बीबीसीनं साठच्या दशकातल्या 'डॉक्टर हू'च्या टेप पुसून पुन्हा वापरल्या, तेव्हा ती रीतच होती. त्यातले कित्येक भाग चित्ररूपात आजही सापडत नाहीत. पण आवाज प्रत्येक भागाचा आहे. का? इंग्लंडभरच्या घराघरांतल्या पोरांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून, घरच्यांना गप्प बसवून, भाग ध्वनिमुद्रित केले होते. पोरांना काय माहीत की पुढे तेवढंच उरणार आहे!

आपल्याकडे हा प्रकार नवा नाही. देवासला कुमारजींकडे जाणारे, इंदुरात अमीर खाँसाहेबांवर जीव टाकणारे जुने लोक बघा. खाजगी मैफलीची कॅसेट कोणाकडून कोणाकडे गेली, तिसऱ्या मिनिटाला खोकला कोणाचा आहे, तानपुरा कोणत्या बाजूला बसलाय, सगळं त्यांना पाठ. माझे आजोबा एका मारव्याच्या दोन ध्वनिमुद्रणांवरून शेजाऱ्याशी अबोला धरून होते. त्यांना कोणी टी-शर्ट विकला नाही एवढाच फरक.


खवचट_खंडू

ह्या सगळ्या गोष्टी आपल्या पुराणांत आधीच आहेत. पुष्पक विमान, ब्रह्मास्त्र. ककुद्मी राजा मुलीला घेऊन ब्रह्मलोकात जातो, परत येतो तर पृथ्वीवर युगं उलटलेली. आइनस्टाइन नंतर आला. उगाच गोऱ्यांचं कौतुक.


ग्वाल्हेरचा_गण्या

आले. पॉपकॉर्न घ्या.


रामबागची

खंडूभाऊ, ककुद्मीची गोष्ट मला तुमच्याइतकीच आवडते, आणि तिची टर उडवायची नाहीच. उलट म्हणते, ती अर्धीच सांगता तुम्ही. त्याची मुलगी रेवती. परत आली तेव्हा माहेरचं कोणी उरलं नाही, नगर गेलं, आणि काळ बदलल्यामुळे माणसंसुद्धा खुजी झालेली. ती सगळ्यांहून कितीतरी उंच. बलरामाशी लग्न लागलं तेव्हा त्यानं नांगरानं तिला खाली ओढून आपल्या उंचीला आणलं, असं विष्णुपुराण सांगतं. आता मला ह्यावर मालिका द्या! युगांपूर्वीची बाई, तिची बोलण्याची ढब जुनी, ओळखीचं एक झाड नाही, आणि सासरी पहिली गोष्ट काय, तर उंची कमी करा. पुराण तिथून पुढच्या राजाकडे जातं. मला रेवतीपाशी थांबायचं आहे. तुमच्या ज्ञानाचा उपयोग तिथे होईल, आइनस्टाइनशी शर्यत लावण्यात नाही.


खवचट_खंडू

नांगराचं लक्षात नव्हतं. विषय चांगला आहे. करा.


कॅटमामा

खंडूराव मवाळ झाले, धाग्याचं सोनं झालं.

मराठीत काय, असा मूळ प्रश्न होता, तर कथेत आपण कधीच मागे नव्हतो. मराठी विज्ञान परिषद १९६६ ची, म्हणजे तुमच्या स्टार ट्रेकच्या वयाची. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ मध्ये 'कृष्णविवर' नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस. जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून टोपणनाव घेतलं होतं, नावाकडे बघून कोणी बक्षीस देऊ नये म्हणून. हेच नारळीकर २०२१ च्या नाशिक साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. लेखक आहेत, वाचक आहेत, नट तर गल्लीगल्लीत. मधे कुठेतरी कोणाला तरी वाटतं की प्रेक्षकाला झेपणार नाही. रेणुकाताईंच्या सासूबाईंना भेटवा त्याला.


अनामिक_अणू

मग मालिकेची वाट कशाला बघायची? एकांकिका करू या. माझ्याकडे एक कल्पना आहे. मुलगा मंगळावर, आई इंदूरच्या रामबागेत. रंगमंचाचे दोन भाग. प्रकाशाला मंगळावर पोचायला ३ ते २२ मिनिटं लागतात, ग्रह कुठे आहेत त्यावर. म्हणजे फोनवर गप्पा शक्यच नाहीत. नुसते निरोप.


रामबागची

अणू!! हाच तो नियम. आता तो मोडायचा नाही. आईनं विचारलं "जेवलास का?" तर उत्तर यायला, समज १२ मिनिटं अंतर असेल तर, चोवीस मिनिटं. तोवर आई गप्प बसेल?


सेव_परमल

इंदूरची आई? गप्प? ती स्वतःच विचारेल, स्वतःच उत्तर देईल, "नसशीलच जेवला", मग शेजारणीची खबर, मग रडेल, मग डोळे पुसून कुकर लावेल. आणि तेव्हा मुलाचं उत्तर येईल, "हो आई, जेवलो." आई तोवर तिसऱ्याच विषयावर.


रेणुका_बडोदा

अगबाई. म्हणजे ती रडतेय ते त्याला कळेल तेव्हा तिचं रडून झालेलं असेल. आणि तो घाबरून "आई काय झालं" म्हणेल तेव्हा ती शेजारणीबरोबर हसत असेल. त्याला मात्र उत्तर येईपर्यंत नुसतं बसून राहायचं.

मुलाचं काम करणाऱ्या नटाचं कठीण आहे हो. आईला सगळी वाक्यं, त्याला नुसतं ऐकणं.


ग्वाल्हेरचा_गण्या

प्रयोगात चोवीस मिनिटं थांबणार का? एकांकिका पस्तीस-चाळीस मिनिटांची, अर्धा वेळ शांतता? प्रेक्षक सराफ्यात जाऊन गराडू खाऊन परत येतील.


रामबागची

वेळ आटवायची. पण सगळीकडे सारख्या प्रमाणात. रंगमंचावरचं एक मिनिट म्हणजे तिथली सहा, असं ठरलं की ठरलं. म्हणजे जायला दोन, यायला दोन. प्रेक्षकाला पहिल्या दहा मिनिटांत हे प्रमाण अंगवळणी पडलं पाहिजे, कोणी समजावून न सांगता. कुकरच्या शिट्टीनं मोजता येईल: आईकडे शिट्टी झाली की दोन मिनिटांनी त्याच्या बाजूला तीच शिट्टी ऐकू येते. दोनदा झालं की लोक वाट बघायला लागतील. तिसऱ्यांदा आईकडे शिट्टीच्या जागी दुसराच आवाज काढायचा, पातेलं पडल्याचा, माणूस पडल्याचा. आता प्रेक्षकाला माहीत आहे काय झालंय, मुलाला दोन मिनिटं कळणार नाही, आणि तो खुशाल सांगतोय की इथे आज टोमॅटो आले.


रेणुका_बडोदा

वाचवत नाहीये. आईला काही होऊ देऊ नका हं.


सेव_परमल

मंगळाची बाजू कशानं दाखवायची? माझ्याकडे आईचं ते पातेलं आहे अजून.


अनामिक_अणू

पातेलं नको दादा. एक खुर्ची, एक दिवा. हात थोडे संथ. बाकी नट बघून घेईल. मी लिहायला घेतेय, पहिला खर्डा इथेच टाकते. मामा, विज्ञान तुम्ही तपासणार ना?


कॅटमामा

तपासतो. आत्ताच एक सांगून ठेवतो. मंगळ सूर्याच्या पलीकडे जातो तेव्हा दोनेक आठवडे संपर्क जवळजवळ बंदच ठेवतात, मधे सूर्य आला की निरोप बिघडतात. दर सव्वीस महिन्यांनी येतो हा काळ. आई पडते ते बरोबर त्याच्या आदल्या दिवशी आणा. ते दुसऱ्या अंकात.


ग्वाल्हेरचा_गण्या

मामा, एकांकिकेला दुसरा अंक नसतो.


कॅटमामा

मग नाटक करा.